गंगापूर रोडवरील जर्मन भाषा व परदेश मार्गदर्शन वर्ग : एका पालकाचा अनुभव

मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर माझ्या मुलीने जर्मनीत आउसबिल्डुंग, म्हणजे कारखान्यात विद्यावेतनावर काम करता करता घ्यायचे व्यवसायशिक्षण, घेण्याचे ठरवले. तेव्हा नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका वर्गात आम्ही तिचे नाव घातले. आता बी-वन, म्हणजे भाषेची मधली पातळी, संपत आली आहे. भाषा तिथे चांगली शिकवतात, उच्चारांवर मेहनत घेतात. पण हा वर्ग मला मोलाचा वाटला तो तिथल्या मॅडम पालकांसाठी शनिवारी घेतात त्या बैठकांमुळे.

सातपूरच्या मायकोमुळे, म्हणजे आताच्या बॉशमुळे, जर्मन कंपनी म्हणजे काय, हे नाशिकला नव्याने सांगावे लागत नाही. 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून तर आमच्या नातलगांत दर लग्नकार्यात हा विषय निघतो. आम्ही आधी ज्या दोन ठिकाणी चौकशी केली, तिथे युरोतला पगार रुपयांत करून दाखवण्यापलीकडे बोलणे गेले नाही. मॅडमनी मात्र पहिल्याच बैठकीत फळ्यावर दोन शब्द लिहिले : काल्टमीटं आणि वार्ममीटं. पहिले नुसत्या जागेचे भाडे, दुसरे हीटिंग आणि देखभालीसकटचे. त्याखाली त्यांनी पहिल्या वर्षाच्या प्रशिक्षणार्थीला 2025 साली कायद्याने मिळणारे किमान विद्यावेतन लिहिले, महिना 682 युरो. मोठ्या यंत्रउद्योगांत याहून बरेच अधिक मिळते, हे सांगून त्या म्हणाल्या, की म्युनिकमध्ये 682 युरोंत साधी खोली मिळणेही अवघड आहे, आणि ही ओढाताण तिथल्या मुलांचीही आहे. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ तोपर्यंत मोबाइल पाहत होते. त्यांनी खिशातून पेन काढले.

युरोपीय संघात मुले आईवडिलांचे घर सोडतात ते सरासरी वयाच्या सव्विसाव्या वर्षानंतर. फिनलंडमध्ये एकविशीत, क्रोएशियात तिशी उलटल्यावर. 'तिकडची पोरे अठराव्या वर्षी स्वतंत्र होतात' असे आपण इथे बसून ऐकवतो, त्याला हा हिशेब चांगलाच धक्का देतो. स्पेन आणि ग्रीसमध्ये 2013 साली काम करणाऱ्या किंवा शोधणाऱ्या पंचविशीखालच्या तरुणांपैकी निम्म्याहून अधिक बेकार होते. त्याच वर्षी संघाने शिक्षण किंवा नोकरी सुटल्यापासून चार महिन्यांत नोकरी, शिक्षण अथवा प्रशिक्षण देऊ करण्याची हमी योजना स्वीकारली. तरीही 2024 मध्ये स्पेनमधले हे प्रमाण जवळपास चौथा हिस्सा होते, तर जर्मनीत सहा-सात टक्क्यांच्या घरात. दक्षिणेकडच्या या हालांचे एक कारण मॅडमनी नेमके सांगितले : तात्पुरत्या करारावरची भरती, जिच्यात मंदी येताच आधी तरुणच घरी जातात. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत मी बत्तीस वर्षे नोकरी केली. ऑर्डर घटली की आधी कंत्राटी पोरांचा गेटपास बंद होतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. स्पेनने 2021 च्या अखेरीस अशा करारांवर कायद्याने बंधने आणली, हे मला या बैठकीतच कळले.

राजकारणाचा विषय एका आईने काढला. परक्यांविषयी तिकडे राग वाढतो आहे का, असे तिने सरळ विचारले. फेब्रुवारी 2025 च्या जर्मन निवडणुकीत 18 ते 24 वयोगटाने सर्वाधिक मते घरभाड्यांवर प्रचार करणाऱ्या 'दी लिंके' या डाव्या पक्षाला दिली आणि त्याखालोखाल स्थलांतराला विरोध करणाऱ्या 'एएफडी'ला, हे मॅडमनी काही न लपवता सांगितले. तिथल्या मतदारांत साठीपुढचे सुमारे 42 टक्के आणि तिशीखालचे जेमतेम 13 टक्के आहेत. त्यामुळे निवृत्तिवेतनाचा भार वाहायचा तरुणांनी, पण मतपेटीत वजन वडीलधाऱ्यांचे, अशी त्यांची अडचण आहे. आपल्या मुलांची तिथे गरज का आहे आणि तिथे त्यांच्याकडे काही जण आकसाने का पाहतील, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मला या एका आकड्यात सापडली. घरी परतताना मुलगी बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "बाबा, मी लहान गावातलीच कंपनी बघते."

तक्रारी आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. बी-वनच्या बॅचमध्ये तीस मुले बसवल्यामुळे बोलण्याचा सराव आठवड्यातून जेमतेम एकदा मिळाला. कागदपत्रांच्या भाषांतराचा खर्च वेगळा आहे, हे प्रवेशाच्या वेळी कोणी बोलले नाही. शिवाय बाहेरच्या टेबलावर बसणारी मंडळी अजूनही 'नोकरी पक्की' असे बिनदिक्कत सांगतात. आत मॅडम जे प्रामाणिकपणे समजावतात, त्यावर बाहेर असे पाणी पडते, याचे मला फार वाईट वाटते. मी हे लेखी कळवले. टेबलावरचे बोलणे बदललेले नाही, पण भाषांतराच्या दरांचा कागद आता भिंतीवर लागला आहे.

परीक्षेसाठी पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात, म्हणजे जर्मन भाषा-संस्कृतीच्या संस्थेत, जावे लागते, तेव्हा तो प्रवासखर्च हिशेबात धरावा. शनिवारच्या बैठकीला प्रवेश न घेतलेल्या पालकांनाही विनाशुल्क बसू देतात. बी-टूची फी मी याच वर्गात भरली आहे. मात्र या वेळी भाषांतरासकट सगळे आकडे पावतीवर लिहून घेतले.