साठ वॉटचा पिवळा बल्ब: आधी वाचायच्या टेबलावर, मग पिल्लांच्या खोक्यात

साधा तारेचा पिवळा बल्ब, ६० वॉट, पारदर्शक काचेचा. हल्ली सगळीकडे एलईडी, हा शोधूनच आणावा लागतो. मी तो आधी टेबलावर वापरला आणि मग कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला, आणि दोन्हीकडे अनुभव इतका वेगळा आला की सविस्तर लिहितेय.

आधी उजेड. रात्री वाचायला हा उजेड मला मनापासून आवडतो. कागद पांढराफटक न दिसता सायीसारखा दिसतो, लाकूड, हाताची कातडी, तांबडे रंग सगळं जिवंत वाटतं. तापलेल्या तारेच्या उजेडात मधलेच रंग गाळलेले नसतात, तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत सलग असतात, म्हणून रंग किती खरे दिसतात याच्या मोजणीत, म्हणजे सीआरआयमध्ये, याला १०० मिळतात आणि साध्या एलईडीला साधारण ८०. पण निळा भाग यात अगदीच कमी. गडद निळा आणि काळा मोजा रात्री वेगळा ओळखता येत नाही, त्यामुळे कापड निवडायला किंवा चित्र रंगवायला हा दिवा नको.

आता विजेचं बघा. ६० वॉट खाऊन हा ७००-८०० लुमेन देतो, तेवढाच उजेड एलईडी ८-९ वॉटमध्ये देतो. मग बाकी वीज जाते कुठे तर उष्णतेत. आतली टंगस्टनची तार २४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली असते आणि एवढ्या तापमानाला तिच्यातून जे बाहेर पडतं ते बहुतेक इन्फ्रारेड असतं, डोळ्याला दिसणारा उजेड जेमतेम ५ टक्के. तार अजून तापवली तर उजेड वाढेल, पांढराही होईल, पण टंगस्टन ३४२२ अंशांना वितळतं आणि त्याच्या खूप आधीच झिजायला लागतं, जुन्या बल्बच्या काचेवर आतून जो काळपट थर दिसतो ना तो त्या झिजलेल्या तारेचाच. म्हणजे ही कंपनीची चूक नाहीये, गरम तारेतून उजेड काढायचा तर उष्णता सोबत येणारच.

टेबलावर ती उष्णता जाणवते, आणि चांगलीच. एलईडी पण तापतो पण त्याची उष्णता मागे बुडाकडे जाते, बल्बची मात्र उजेडाबरोबर थेट तोंडावर येते. थंडीत बरं वाटतं, उन्हाळ्यात अर्ध्या तासात कपाळ भिजतं. मी कागदाची शेड लावली होती ती वरच्या बाजूला तपकिरी पडली, वेळीच काढली म्हणून बरं. शेडवर किती वॉटपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं, ते वाचूनच लावा.

पण पिल्लांच्या खोक्यात हाच बल्ब सोन्यासारखा. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२ ते ३५ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची. थर्मामीटर ठेवाच, पण पिल्लं स्वतःच सांगतात, बल्बखाली एकमेकांवर चढून बसली तर गारठलीत, कडेला पळाली तर फार गरम होतंय, आणि सगळीकडे पसरून निवांत झोपली तर बरोब्बर. अडचण एकच झाली, रात्रभर एवढा लख्ख उजेड असल्याने पिल्लं झोपेनात आणि एकमेकांना टोचायला लागली.

मग वायरमनकडून दोन ६० चे बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकातून वीज दुसऱ्यात जाईल असे, जोडून घेतले आणि इथे मला या बल्बची खरी गंमत कळली. प्रत्येकाला निम्मा व्होल्टेज मिळतो, उजेड साधारण दहाव्या हिश्श्यावर येतो पण वीज एक तृतीयांशापर्यंतच उतरते. म्हणजे दोन्ही मिळून ४० वॉटची ऊब, आणि उजेड नुसता मंद लालसर. खोकं लहान होतं, बल्ब जरा खाली आणले, पुरलं. पिल्लं त्याच रात्री शांत झोपली आणि मला इतकं हायसं वाटलं!

टिकण्याबद्दल. पूर्ण व्होल्टेजवर १००० तास धरा. १९२४ मध्ये मोठ्या कंपन्यांनी फीबस नावाचा करार करून १००० तासांचीच मर्यादा ठरवली होती, जास्त टिकणारे बल्ब काढणाऱ्याला दंड व्हायचा, हे वाचून मला राग आला होता. पण जास्त टिकणारी तार कमी तापवावी लागते आणि मग तेवढ्याच विजेत उजेड कमी मिळतो हेही तितकंच खरं, माझे सिरीजमधले बल्ब त्याचाच नमुना, ते वर्षानुवर्षं टिकतील. आणि बल्ब उडतो तो बहुतेक वेळा बटण दाबतानाच, कारण गार तारेचा रोध गरम तारेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी असतो आणि एकदम जास्त करंट घुसतो.

टेबलावर आता मी २७०० केल्विनचा, म्हणजे बल्बसारख्याच पिवळसर उजेडाचा, ९० च्या वर सीआरआय असलेला एलईडी लावलाय, बल्ब खोक्यासाठी राखून ठेवलेत. खोक्यात लावणार असाल तर बल्ब नुसत्या वायरवर टांगू नका, साखळी लावा, भोवती तारेची जाळी हवीच, भुसा आणि गवत लांब ठेवा, पाण्याचा थेंब तापल्या काचेवर पडला तर ती तडकते म्हणून पाण्याचं भांडं दुसऱ्या टोकाला. होल्डर चिनीमातीचा घ्या, माझा प्लास्टिकचा महिन्याभरात ठिसूळ होऊन तुटला.