व्हेन्सिम पीएलई : फुकट आहे, पण उंदीर आपणच घालायचे

मी सांगलीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रॉडक्शनच्या मुलांना शिकवते. त्याआधी नऊ वर्षं चाकणला लाइन प्लॅनिंग केलं. माल कुठं तुंबला आणि का तुंबला, हेच बघत आले. त्यामुळं साथीचं मॉडेल करायला व्हेन्सिम (चित्र काढून मॉडेल चालवायचं सॉफ्टवेअर) उघडलं तेव्हा फार परकं वाटलं नाही.

पीएलई ही त्याची शिक्षणासाठी फुकट मिळणारी आवृत्ती. पडदा जुन्या वळणाचा, बटणं बारकी, दिसायला अगदीच साधं. काम मात्र चोख. चौकोन काढला की ती टाकी, दोन टाक्यांमध्ये नळी ओढली की मधे आपोआप तोटी बसते. पुस्तकात टाकीला स्टॉक आणि तोटीतून वाहणाऱ्याला फ्लो म्हणतात, पण पोरं स्टॉक-फ्लो म्हणतच नाहीत, 'मॅडम, या टाकीची तोटी कुठाय?' असंच विचारतात. निरोगी, बाधित, बरे झालेले अशा तीन टाक्या आणि दोन तोट्या, झालं तुमचं पहिलं मॉडेल. मग स्लायडर सरकवायचा, आलेख तिथल्या तिथं वाकतो. संसर्गाचा दर जरासा कमी केला की शिखर बसतं आणि उजवीकडं सरकतं. हे फळ्यावर शिकवायला मला दोन तास लागायचे.

सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे एककांची तपासणी. 'माणसं भागिले दिवस' हवं तिथं नुसती 'माणसं' लिहिली की ते लगेच पकडतं. निम्म्या चुका इथंच निघतात.

उरलेल्यातली एक माझी. मॉडेल आठवड्यांत मांडलं, टाइम स्टेप (एका पावलात मॉडेल किती वेळ पुढं जातं ते) 1 तशीच ठेवली आणि बरं व्हायला दिले चार दिवस. रन केलं तर साथीच्या शेवटी बाधित चक्क शून्याखाली! टाकीत आहे त्याहून जास्त पाणी एका पावलात बाहेर काढत होते मी. स्टेप 0.125 केली, रुग्ण परत शून्याच्या वर आले. वर्गासमोर झालं हे, त्यामुळं आता कुणी विसरत नाही.

उशीर दाखवायची फंक्शनं तयार मिळतात आणि माझ्या मते खरा पैसावसूल माल तोच (फुकटात पैसावसूल, असो). 2021 मध्ये माझ्या मामांचा आरटीपीसीआर रिपोर्ट पाचव्या दिवशी आला. लॅबचं नाव घेत नाही. तोवर मामी तापानं फणफणल्या होत्या आणि शेजारचे काका दोनदा चहाला येऊन गेले होते. तो पाच दिवसांचा उशीर मी मॉडेलमध्ये घातला. बाकी आकडे तेच, खाटा तेवढ्याच, पण शिखर वर गेलं. आपण बघत असतो तो आकडा पाच दिवसांपूर्वीचा आणि नळ बंद करतो आज. चाकणला शिळ्या स्टॉक रिपोर्टवर ऑर्डर टाकली की गोडाऊन असंच भरायचं.

आता उंदीर. या तीन टाक्यांचं मूळ गणित कर्मॅक आणि मॅककेंड्रिक या दोन संशोधकांच्या 1927 च्या निबंधात आहे. मॅककेंड्रिक कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम केलेले. ताडून बघायला त्यांनी आकडे घेतले मुंबईच्या प्लेगचे: डिसेंबर 1905 ते जुलै 1906, दर आठवड्याचे मृत्यू. मी ते आकडे मुलांना देते. तासाभरात घंटेच्या आकाराची रेघ ठिपक्यांवर बसते आणि वर्ग खूश होतो. मग विचारते, प्लेग पसरवला कुणी? उंदरांच्या पिसवांनी. तुमच्या चित्रात उंदीर कुठाय? शिवाय मुंबईत प्लेग दरवर्षी त्याच सुमाराला चढायचा आणि उन्हाळा सरता सरता उतरायचा, म्हणजे ऋतूही हवा. त्या दोघांना उंदरांची बाब ठाऊक होती, आपली गृहीतकं तंतोतंत लागू नाहीत हे त्यांनी लिहूनही ठेवलंय. व्हेन्सिम यातलं काही सांगणार नाही. एककं जुळली की ते समाधानी.

त्रुटी म्हणाल तर सबस्क्रिप्टची, म्हणजे एकाच टाकीचे अनेक गट करायची, सोय पीएलईत नाही. वयोगट वेगळे करायचे तर सगळ्या टाक्या पुन्हा पुन्हा काढा. चार गट झाले की पडदा म्हणजे गटारीचा नकाशा. त्यासाठी पैसे भरून वरची आवृत्ती. जिल्हा पातळीवर काम करणाऱ्यानं ती घ्यावी, शिकणाऱ्यानं आणि शिकवणाऱ्यानं घेऊ नये. पाचपैकी चार.

यंदाच्या बॅचला डेंग्यू दिलाय. पहिल्याच दिवशी एकीनं विचारलं, 'मॅडम, आमच्याकडं नळाला चार दिवसांआड पाणी येतं, पिंपं भरून ठेवतो. ते कुठं दाखवायचं?' म्हटलं, डासांच्या आधी ती टाकी काढ.