घरचा क्लाऊड चांगला चाललाय, पण बारा व्होल्टच्या अडॅप्टरवाली डिस्क घेऊ नका

टेबलावर ठेवायची चार टीबीची हार्ड डिस्क वॉरंटीत असताना बंद पडली आणि सर्व्हिस सेंटरवाल्यानं हात वर केले. "व्होल्टेजमुळं गेली, वॉरंटीत बसत नाही." वळीव आला की इकडं बेळगावपासून खानापूरपर्यंत लाईट जाते-येते, हे डिस्क विकताना ठाऊक नसतं काय?

घरचा क्लाऊड म्हणजे फाईली-फोटो गूगलऐवजी घरच्याच कॉम्प्युटरवर ठेवून फोनवरून बघायचे. त्यासाठीचे प्रोग्रॅम, फाईलींना नेक्स्टक्लाऊड आणि फोटोंना इमिच, कसे टाकायचे ते सगळीकडं लिहिलेलं आहे, त्यात जात नाही. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजची फुकट अमर्याद जागा बंद झाली, आणि १५ जीबीत जीमेलसकट घर कसं भागवायचं? दरमहा भाडं भरायला माझं मन घेत नाही. म्हणून जुना थिंकपॅड लॅपटॉप, आठ जीबी रॅम, वर डेबियन हे लिनक्स. दिवाळीपासून चालू आहे.

बरेच जण रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर घ्या म्हणतात. आपल्या भागात जुना लॅपटॉपच बरा, कारण त्याला बॅटरी असते. पण साडेतीन इंची डिस्क स्वतःच्या बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर चालते. लाईट गेली की लॅपटॉप चालूच, डिस्क मात्र लिहिता लिहिता टक् करून थांबते. लाईट आली की परत फिरायला लागते, पण लिनक्सला ती 'एसडीबी'ऐवजी 'एसडीसी' म्हणून, म्हणजे नव्याच नावानं दिसते. जुनं माउंट (डिस्कची सिस्टिमशी जोडणी) लटकलेलं, लॉगमध्ये आय-ओ एररची, म्हणजे लिहिता-वाचता न आल्याच्या नोंदींची रांग, आणि फोनवर फोटो अपलोड होता होता अडकलेले. पावसाळी हवेत एका संध्याकाळी हे कितीदा होतं ते इथल्या माणसाला सांगायला नको.

नेक्स्टक्लाऊडला डेटा फोल्डरातली खुणेची लपलेली फाईल दिसली नाही तर तो उघडतच नाही. इमिचचंही तेच. सुरुवातीला याचा मला संताप यायचा. आता तोच गुण वाटतो, नाहीतर डिस्क नसताना सगळं लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर साठत गेलं असतं.

आता अडीच इंची डिस्क लावलीय. ती यूएसबीवरच चालते, म्हणजे लॅपटॉपच्याच बॅटरीवर. मोठ्या फाईली टाकताना ती रेंगाळते, पण फोटोंना काही अडत नाही. राउटरला छोटा बारा व्होल्टचा यूपीएस. बॅटरी फुगू नये म्हणून चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवलंय. त्यानंतर वळीव येऊन गेले, माउंट एकदाही सुटलं नाही.

घराबाहेरून पोचायला इंटरनेट कंपनी खरा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट गाठता येईल असा पत्ता, देत नाही. राउटरला १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता दिसला की समजायचं, पोर्ट (राउटरमधून आत यायची वाट) उघडून उपयोग नाही. टेलस्केल टाका, ते आपली उपकरणं खाजगी जाळ्यानं जोडतं. कोल्हापुरातली ताई त्यावरूनच घरचे फोटो बघते. आजोबांच्या जमिनीचे मोडीतले कागद आणि कन्नड उतारे स्कॅन करून ठेवलेत. फाईलींची नावं देवनागरीत दिली काय, कन्नडमध्ये दिली काय, नेक्स्टक्लाऊडला फरक पडत नाही. इमिचमधली फोटो शोधायची सोय मात्र मुळात इंग्रजीवर बेतलेली आहे. मराठीत शोधायचं तर सेटिंगमध्ये बहुभाषी मॉडेल निवडावं लागतं.

रेडसाठी, म्हणजे तोच डेटा एकाच वेळी दोन डिस्कवर ठेवायला, दुसऱ्या डिस्कवर पैसे घालू नका. विजेचा झटका बसला तर एकाच मशीनला लावलेल्या दोन्ही जातात. माझी दुसरी प्रत निपाणीला मामांच्या कपाटात असते. सणावाराला गेलो की ती घरी आणतो आणि ताजी भरलेली तिथं ठेवतो.