रबाळ्याचं इंटरफेरोमीटर किट: काच चांगली, बैठक कच्ची

रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये बनणाऱ्या या किटच्या खोक्यावर ‘गुरुत्वीय लहरी शोधा’ असं छापलंय. ते विसरा. इंटरफेरोमीटर म्हणजे प्रकाशाचा झोत दोन बाहूंत वाटून, परत एकत्र आणून लांबीतला बारीक फरक दाखवणारं यंत्र. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश ताणत-आकसवत जाणारे तरंग, पकडणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेचे बाहू ४ किलोमीटरचे; १४ सप्टेंबर २०१५ला त्या बाहूंच्या लांबीत जो फरक सापडला, तो प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पट लहान होता. किटचे बाहू २० सेंटीमीटर. पण औंढा नागनाथला उभी राहणारी लायगो-इंडिया वेधशाळा काय करणार आहे हे बीएस्सीच्या मुलांना स्वतःच्या हातांनी कळावं, एवढ्यासाठी वस्तू नक्की घ्यावी.

बीम स्प्लिटर (झोत दोन भागांत वाटणारी काच) आणि पुढच्या पृष्ठावर मुलामा असलेले आरसे उत्तम आहेत. लेझर ६५० नॅनोमीटरचा साधा डायोड. आरसा ३२५ नॅनोमीटर सरकला की पडद्यावरच्या उजेड-अंधाराच्या पट्ट्यांतला एक पट्टा पुढे जातो. डायोड तापेपर्यंत पट्टे मध्येच गायब होतात, म्हणून १५ मिनिटं आधी चालू करा आणि दोन्ही बाहू पट्टीने मोजून सारखे ठेवा.

जुळवणी अशी: एक बाहू कागदाने झाका, दुसऱ्याचा परतीचा ठिपका लेझरच्या तोंडाजवळ आणा. अगदी तोंडात नको, परतलेला प्रकाश डायोडला अस्थिर करतो. मग दुसरा बाहू उघडा, पडद्यावर दोन्ही ठिपके एकावर एक बसवा, शेवटी भिंग लावा. इथेच किट रडवतं. आरशांना साधे एम४ स्क्रू दिलेत, एका फेऱ्याला ०.७ मिलिमीटर! नखभर फिरवला की ठिपका पळाला. बारीक आट्यांचे स्क्रू बसवून घ्या.

पातळ ॲल्युमिनियमची बैठक तर बदलाच. घोडबंदर रोडवरून डंपर गेला की पट्टे नाचतात. जाड कडप्पा, खाली स्कूटरची अर्धवट हवा भरलेली ट्यूब, खोली तळमजल्यावर, पंखा बंद. एसीचा झोत एकाच बाहूवर आला, तर अंशाला साधारण १४ पट्टे सरकतात. दोन्ही सारखे तापले तर फरक दिसत नाही.

फोटोडायोडच्या (उजेडाचं व्होल्टेज करणाऱ्या भागाच्या) सिग्नलवर १०० हर्ट्झची लाट दिसली तर आधी वरची ट्यूबलाइट विझवा. पिएझोने (व्होल्टेज दिलं की किंचित लांबणाऱ्या स्फटिकाने) आरसा असा सरकवा की पडद्यावर अर्धा उजेड राहील. तिथे लांबीतला बारीकसा फरकही व्होल्टेजमध्ये सर्वांत जास्त उमटतो.

पावसाळ्यात आरसे सिलिका जेल घातलेल्या डब्यात ठेवा, नाहीतर काचेवर बुरशी धरते. रुमालाने मात्र पुसू नका.