सरकारी पैशाचं आमिष आणि आमच्या गळ्यात पडलेला क्लेम

ब्रिटनमध्ये लोणची, चटण्या, फरसाण, सरबतं बनवण्याचं छोटं युनिट चालवणाऱ्या आपल्या मंडळींसाठी हे लिहितेय. 'आर अँड डीचा, म्हणजे संशोधन आणि विकासाचा, टॅक्स परत मिळवून देतो, मिळाला तरच फी' असे फोन तुम्हालाही येत असतील.

आमच्याकडे हा सल्लागार मंडळाच्या गणपतीतल्या ओळखीतून आला. ओळख करून देणारे म्हणाले, "वहिनी, सरकारच देतंय, आपण का सोडायचं?" दर क्लेममागे त्यांना कमिशन होतं, हे फार उशिरा कळलं.

यातली गोम अशी की योजना अगदी खरी आहे. 2000 सालापासून छोट्या कंपन्यांना संशोधनाच्या खर्चावर करसवलत मिळते आणि खाद्यपदार्थ बनवणाऱ्यांनाही ती लागू आहे. आम्ही क्लेम केला त्या वर्षाच्या नियमांनुसार तोट्यातल्या कंपनीला 100 पौंड खर्चामागे 33 पौंडांच्या वर रोख मिळायचे. नव्या युनिटमुळे आम्ही तोट्यातच होतो. त्याने 1,20,000 पौंडांचा खर्च दाखवला, म्हणजे सुमारे 40,000 पौंड. त्यातले 30 टक्के त्याचे, वर व्हॅट.

तो किचनमध्ये शिरलासुद्धा नाही. मागितलं काय, तर पगारपत्रक आणि खरेदीची खाती. आधी आकडा ठरला, शास्त्र मागून लिहिलं गेलं.

तो रिपोर्ट मी पुढे नोटीस आल्यावर ओळ न् ओळ वाचला. कैरीच्या लोणच्यात तिखट कमी करून गूळ घातला, हे 'तंत्रज्ञानातली प्रगती' म्हणून नोंदवलं होतं. नवी चव म्हणजे संशोधन नव्हे. जाणकार माणसालाही ज्याचं उत्तर सहज सापडणार नाही अशी शास्त्रीय किंवा तांत्रिक अडचण हवी, आणि ती सोडवायचा पद्धतशीर प्रयत्न हवा. तीळ घातलेल्या चटणीला तीळ घातले म्हणून कोण पैसे देईल? पुढचं पान तर कहरच होतं. लोणच्याच्या मजकुरात मध्येच यीस्टने साखर किती खाल्ली आणि पिंपात दाब किती चढला याचा एक परिच्छेद. कुठल्या तरी बिअरवाल्याचा रिपोर्ट उचलून त्यात आमचं नाव घातलेलं, आणि ही ओळ पुसायची राहून गेलेली.

खर्चाची यादीही तशीच. वर्षभराचं मोहरीचं तेल, कैऱ्या, मसाला सगळं 'संशोधनात वापरलेलं साहित्य'. त्या बरण्या तर आम्ही दुकानांना विकल्या होत्या! एप्रिल 2015 पासून, जो माल नेहमीच्या धंद्यात विकला जातो त्यात गेलेलं साहित्य या सवलतीत धरता येत नाही. आम्ही दोघं कंपनीतून घेतो तो डिव्हिडंडही त्याने 'संशोधकांचा पगार' म्हणून लावला होता. डिव्हिडंड म्हणजे पगार नाही, हे कुठल्याही हिशेबनिसाला ठाऊक असतं.

आणि चीड कशाची येते, तर खरं काम त्या रिपोर्टमध्ये नव्हतंच. पारदर्शक बाटलीतल्या कोकम सरबताचा लाल रंग उजेडाने आणि उष्णतेने उतरतो. प्रिझर्व्हेटिव्ह न घालता तो टिकवायच्या आमच्या चाचण्या चालू होत्या. आंबटपणा बदलून, गरम करण्याचं तापमान बदलून बाटल्या खिडकीत ठेवायच्या, दर आठवड्याला रंग ताडून वहीत लिहायचा. ती वही त्याने एकदाही मागितली नाही.

घाई मात्र प्रचंड. 8 ऑगस्ट 2023 पासून प्रत्येक क्लेमसोबत सविस्तर माहितीचा फॉर्म सक्तीचा होणार होता, आणि त्यात मदत करणाऱ्या एजंटचं नावही द्यावं लागतं. "त्याच्या आत उरकून घेऊ," म्हणत त्याने जुलैतच कागद धाडले. पैसे आले ते त्याच्याच खात्यात. आपला वाटा कापून उरलेले त्याने आमच्याकडे वळते केले.

मग एचएमआरसीचं, म्हणजे इथल्या करखात्याचं, पत्र आलं. तांत्रिक अनिश्चितता नेमकी कोणती होती? काम पाहणारा जाणकार कोण, त्याचं शिक्षण काय, अनुभव काय? सल्लागार म्हणाला, चौकशीचं काम करारात येत नाही, वेगळी फी पडेल. थोड्याच दिवसांत फोन बंद. क्लेम पूर्ण नामंजूर झाला. 40,000 परत, वर व्याज, शिवाय निष्काळजीपणाचा दंड, जो बुडीत कराच्या 30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. त्याची फी त्याच्याकडेच राहिली. रिटर्न कंपनीचं, म्हणून जबाबदारीही कंपनीची. सल्लागाराने लिहिलं म्हणून सुटका होत नाही. आम्ही आता हप्त्यांनी फेडतोय.

करार नव्या अकाउंटंटबाईंनी वाचला तेव्हा आणखी एक कलम सापडलं: पुढची तीन वर्षं कुणाकडूनही क्लेम केला तरी याला वाटा. तुमच्या हातात असा कागद असेल तर ते कलम आधी शोधा.

आम्ही एकटे नाही. 2020-21 च्या छोट्या कंपन्यांच्या योजनेतली सुमारे चौथा हिस्सा रक्कम चुकीच्या किंवा खोट्या क्लेमवर गेली, असा खुद्द एचएमआरसीचा अंदाज आहे. त्यानंतर नियम आवळले. 1 एप्रिल 2023 पासून सुरू झालेल्या वर्षांसाठी, पहिल्यांदाच क्लेम करणाऱ्याने वर्ष संपल्यावर सहा महिन्यांच्या आत, आपण क्लेम करणार आहोत असं एचएमआरसीला कळवावं लागतं, नाहीतर हक्क जातो. आमचं कोकम या नव्या चौकटीत बसतं का, ते बाई ती वही घेऊन तपासतायत. फी तासावर, टक्केवारीवर नाही.

इथे 'टॅक्स सल्लागार' म्हणवून घ्यायला परीक्षा लागत नाही. कुठल्या व्यावसायिक संस्थेचा सभासद आहे ते विचारा आणि त्या संस्थेच्या यादीत नाव पाहा. आमच्या सल्लागाराची कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि तो आता दुसऱ्या नावाने बेकऱ्यांना फोन करतोय. कंपनीज हाउसच्या, म्हणजे इथल्या सरकारी कंपनी नोंदणी कार्यालयाच्या, साइटवर संचालकाचं नाव टाकलं की त्याच्या बंद पडलेल्या कंपन्याही दिसतात. पैसे पडत नाहीत.