मंगळबाजारातली चोवीस नखांची पेटी नवरात्रात टिकते का?

भाद्रपद सरत आला की बडोद्याच्या मंगळबाजारात चणिया-चोळीच्या ढिगांशेजारी प्रेस-ऑन नखांच्या, म्हणजे आपल्या नखावर चिकटवायच्या तयार प्लास्टिकच्या नखांच्या, पेट्या लटकायला लागतात. बहुतेकींवर ओळखीच्या कंपनीचं नाव नसतं. आत २४ नखं, चिकट टॅबचा (ग्लूऐवजी लावायच्या दुहेरी चिकट तुकड्यांचा) एक कागद, ग्लूची इवलीशी नळी, छोटी कानस आणि लाकडी काडी. शंभर-दीडशे रुपयांच्या पेटीतली नखं खरं तर वाईट नसतात. ग्लू मात्र बेताचा असतो, आणि त्याहून मोठी गोची मापाची.

पेटीवर १२ मापं लिहिली असतील तर त्याचा अर्थ प्रत्येक मापाची एकच जोडी. नखाच्या आतल्या बाजूला आकडा कोरलेला असतो. बहुतेक पेट्यांत ० सगळ्यात रुंद आणि ११ सगळ्यात अरुंद. आता पुष्कळ जणींच्या तर्जनीचं आणि अनामिकेचं माप एकच असतं. म्हणजे दोन हातांना त्या मापाची चार नखं हवीत आणि पेटीत आहेत दोन. मग एक माप रुंद, म्हणजे एक आकडा कमी असलेलं, नख घेऊन दोन्ही कडा कानशीनं घासाव्या लागतात. लहान नख ओढूनताणून बसवायचं नाही. ते कडेला उघडं राहतं, केसात अडकतं आणि तिथूनच सुटतं. मोठं नख तसंच लावलं तर ते कातडीवर चढतं आणि ग्लू नखाऐवजी कातडीला धरतो. १० मापांच्या पेटीत मधली मापं जास्त असतात, म्हणून रंग थोडा कमी आवडला तरी तीच घ्यावी.

दुकानात पेटी उघडून देत नाहीत, त्यामुळे माप घरून घेऊन जायचं. पारदर्शक चिकटपट्टी नखाच्या सगळ्यात रुंद भागावर आडवी चिकटवा, दोन्ही कडांवर पेनानं खूण करा, पट्टी काढून मिलिमीटरमध्ये मोजा. दहाही बोटं मोजा, कारण कामाच्या हाताची नखं अनेकदा किंचित रुंद भरतात. ऑर्डरप्रमाणे जेलची नखं करून देणाऱ्या मुलीही हेच माप मागतात. त्यांचं ‘स्मॉल’ साधारण अंगठ्यापासून करंगळीपर्यंत १५, ११, १२, ११, ९ मिमी असतं.

रुंदी जुळली तरी बाक जुळेलच असं नाही. आपलं नख सपाट आणि प्लास्टिकचं नख कमानदार असेल तर मध्ये पोकळी राहते. पोकळीत हवा, मग पाणी, मग नख हातात. असं नख गरम पाण्यात थोडा वेळ धरून मऊ पडलं की बोटांनी हलकेच फाकवावं आणि पुसून कोरडं करून मग लावावं.

लावण्याआधीच्या तयारीला वेळ द्यायला हवा. साबणानं हात धुवा, पण पाण्यात भिजवत बसू नका. भिजलेलं नख फुगतं आणि वाळताना आकसतं, तेव्हा ग्लूची पकड सुटते. मुळाशी वाढलेली कातडी काडीनं मागे सारा, कापू नका. बफर (नख घासायचा मऊ ठोकळा) नखाची चकाकी जाईपर्यंतच फिरवायचा, नख पातळ करायचं नाही. शेवटी स्पिरिट किंवा ॲसिटोनचा बोळा फिरवून तेलकटपणा काढा, आणि त्यानंतर केसाला, चेहऱ्याला हात नाही. मेंदी काढायची असेल तर ती आदल्या दिवशी. मेंदीत निलगिरीचं किंवा लवंगेचं तेल असतं, ते नखावर राहिलं तर कितीही महाग ग्लू धरणार नाही.

पेटीतला ग्लू नाकारून वेगळा घेतलेला बरा. ब्रशवाला असेल तर उत्तम, कारण जाड थेंब बाहेरून सुकतो आणि आत ओला राहतो. आपल्या नखावर पातळ हात, प्लास्टिकच्या नखात मुळाकडे एक लहान थेंब. नख तिरकं धरून आधी मुळाशी टेकवा आणि मग टोकाकडे दाबत आणा, म्हणजे हवा पुढे निघून जाते. तीस सेकंद न हलवता दाबून धरा. करंगळ्यांपासून सुरुवात करून अंगठे शेवटी लावा, नाहीतर दुसऱ्या हाताला पकडायला काही उरत नाही. पुढचे दोन तास भांडी आणि आंघोळ नको, त्यामुळे रात्री झोपण्याआधी लावलेली सोयीची.

फेविक्विक वापरू नका. जातीनं तोही नखाच्या ग्लूसारखा सायनोॲक्रिलेटच, म्हणजे झटपट धरणारा गोंद, पण पाण्यासारखा पातळ, झटकन कातडीत उतरतो. नखाचा ग्लूसुद्धा सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर चटका बसण्याइतका तापतो, म्हणून सांडलेला ग्लू कापसानं पुसायचा नाही आणि सुती चोळी अंगात असताना नळी उघडायची नाही.

आता गरबा. टाळी देताना लांब नखाच्या टोकावर धक्का बसतो आणि तो तरफेसारखा मुळाशी उचल देतो. कॉफिन आकाराची (टोकाकडे निमुळती होऊन सपाट कापलेली) लांब नखं फोटोपुरती ठीक. नऊ रात्री खेळायचं असेल तर बोटाच्या टोकापुढे तीन-चार मिमी, बदामी किंवा गोल. दांडिया धरतानाही हाच आकार आड येत नाही. चिकट टॅब घामात सरकतात, ते हळदीकुंकवाला किंवा एका संध्याकाळच्या लग्नाला छान.

मराठी घरात सकाळी घटाची माळ, दुपारी स्वयंपाक आणि रात्री मैदान, त्यामुळे रंगही विचारानं घ्या. फिकट गुलाबी आणि दुधी नखं हळदीनं पिवळी पडतात. वरून टॉप कोट (पारदर्शक नेलपॉलिशचा हात) दिला तर डाग कमी धरतो, पण कणीक मळताना हातमोजे घालाच, नखाखाली पीठ अडकून राहतं. निरांजन लावताना बोटं ज्योतीपासून लांब ठेवा, हे प्लास्टिक आहे.

काढताना ओढायचं नाही. ओढलं की आपल्या नखाचा वरचा थर सोबत येतो. कोमट साबणपाण्यात थोडं खोबरेल टाकून १५-२० मिनिटं बोटं बुडवा, मग कडेनं काडी सरकवा. हटत नसेल तर पुन्हा बुडवा. ॲसिटोननं लवकर निघतात, पण प्लास्टिक विरघळून चिकट होतं आणि नखं पुन्हा वापरता येत नाहीत. नखाखाली हिरवट डाग दिसला तर तो अडकलेल्या ओलीत वाढलेल्या जिवाणूंचा असू शकतो. त्यावर नवीन नख चढवू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. ग्लूनं कातडीला खाज किंवा पुरळ आलं तर प्रेस-ऑनचा नाद सोडलेला बरा.

पेटी पैसे वसूल करते, पण वेगळ्या ग्लूचा खर्च धरून. पर्समध्ये दोन जादा नखं आणि टॅबचा कागद असू द्या, ग्लू घरी. मैदानातल्या गर्दीत, घामेजल्या हातांनी नळी उघडली तर नखाआधी चोळी चिकटते.