मढ्यालाही हसवणारा धंदा: ईव्हलिन वॉची 'द लव्हड वन'

इंग्रज लेखक ईव्हलिन वॉ १९४७ मध्ये हॉलिवुडला गेला, तिथल्या जवळची फॉरेस्ट लॉन ही आलिशान दफनभूमी बघून आला आणि पुढच्याच वर्षी ही छोटीशी कादंबरी काढली. माणूस भलताच खवट. कादंबरीतल्या व्हिस्परिंग ग्लेड्स या दफनभूमीत शोकाकुल नातेवाइकांच्या गळ्यात महागड्या शवपेट्या गोड बोलून मारतात. तळ्यातल्या बेटावर मधमाश्यांची गुणगुण ऐकू येते, पण खऱ्या माश्या लोकांना डसायच्या, म्हणून आता ती यंत्राची!

प्रेतं टिकवणारा कसबी मिस्टर जॉयबॉय तर कहर. तिथे प्रेतांची रंगरंगोटी करणाऱ्या एमेवर जीव जडल्यावर तो तिच्याकडे जाणारी प्रेतं हसरी करून पाठवतो. बिनसलं की तीच आंबट तोंडाची. मी खो खो हसले, मग जरा ओशाळले.

खून नाही, पण शेवटी एका प्रेताची गुपचूप विल्हेवाट आणि त्यावर उकळलेले पैसे आहेत. तिरडीचं सामान घेताना घासाघीस करायला आपलीही जीभ रेटत नाहीच. हा धंदा नेमका त्यावरच उभा.

एमेला मात्र लेखकाने नुसतं खेळवलंय, आणि अमेरिकन पात्रं सरसकट बावळट. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर थोडं थांबा. एरवी बिनधास्त घ्या.